कुठले पाटील?

2004 च्या लोकसभा निवडणुकीत लातूरच्या मतदारांपुढे दोन पाटील उभे होते. एक शिवराज पाटील. 1980 पासून सलग सात वेळा लातूरमधून निवडून गेलेले, लोकसभेचं अध्यक्षपद भूषवलेले. दुसऱ्या रूपाताई पाटील, माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील यांच्या सूनबाई. नुसतं 'पाटील' म्हणून मत मागितलं असतं तर कोणत्या पाटलाला द्यायचं, हे मतदाराला कळलंच नसतं. पण लातूर भागात हा घोळ होत नाही. इथे पाटलाला पाटील म्हणून कुणी ओळखतच नाही, गावावरून ओळखतात. लढत होती चाकूरकर विरुद्ध निलंगेकर. चाकूरकर पडले, तरी देशाचे गृहमंत्री झाले आणि मग राज्यसभेवर गेले. दिल्लीच्या वर्तमानपत्रांत चाकूरचा पत्ता नव्हता, तिथे ते फक्त शिवराज पाटील होते. लातुरात मात्र ते कायम चाकूरकरच राहिले.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत 'पाटील' एवढ्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही. एसटीत शेजारी बसलेले काका असोत, सोयरिकीला आलेले पाहुणे असोत की दवाखान्यात केसपेपर काढणारा पोरगा, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठले पाटील?" आणि उत्तर गावाच्या नावाने येतं. निलंगेकर, चाकूरकर, कव्हेकर, खतगावकर, चिखलीकर. यातल्या बहुतेक नावांनी विधानसभा तरी पाहिली आहे, नाहीतर लोकसभा. शिवाजीराव पाटील निलंगेकर 1985 मध्ये मुख्यमंत्री झाले. शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी 1995 मध्ये खुद्द विलासराव देशमुखांना लातुरात पाडलं. भास्करराव पाटील खतगावकर आणि प्रताप पाटील चिखलीकर हे दोघेही नांदेडचे खासदार झाले. बाहेरच्या वाचकाला ही नावं लांबलचक वाटतात. इथल्या माणसाला मात्र त्यातला 'पाटील' हाच शब्द जादा वाटतो.

हे आडनाव इतकं पसरलं कसं, याचा शोध घ्यायचा तर आधी ते आडनाव नव्हतं, काम होतं, हे ध्यानात घ्यावं लागतं. माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या ताम्रपटांत जमीन दान देताना राजा गावकऱ्यांना उद्देशून आज्ञा करतो, आणि त्या आज्ञेत 'पट्टकिल' नावाचा गावचा मुख्य येतो. तोच आपला पाटील, असं अभ्यासक मानतात. पट्ट म्हणजे जमिनीच्या नोंदीचा पट. ज्याच्याकडे पट, तो गावचा मुख्य. मुसलमानी अमलात त्यालाच मुकादम म्हणू लागले. राज्यं बदलली, कागदांची भाषा बदलली, तरी सरकार आणि गाव यांच्या मधोमध उभा असलेला हा माणूस हलला नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये 'गावगाडा' लिहिलं, त्यात या वतनी कारभाराचं जे चित्र येतं ते आजच्या पाटील मंडळींनी एकदा नजरेखालून घालावं असं मला मनापासून वाटतं. आज पाटील म्हटलं की डोळ्यांपुढे वाडा, फेटा आणि बुलेट येते. पण त्या काळी सारा थकला तर सरकारी माणसं आधी पाटलाला धरून नेत. दुष्काळात माणसं गाव सोडून गेली तर त्यांना परत बोलावून, तगाई मिळवून देऊन, जमिनी पुन्हा लागवडीला आणणं त्याच्या गळ्यात. चोरी झाली, माग गावच्या शिवेपर्यंत आला आणि पुढे गेला नाही, तर जबाबदार पाटील. त्या बदल्यात इनाम जमीन आणि मानपान: पोळ्याला पहिला बैल पाटलाचा, होळीत पहिली पोळी पाटलाची, लग्नात पहिला विडा पाटलाचा. या मानावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली, डोकी फुटली, कज्जे हैदराबादेपर्यंत गेले. मान लक्षात राहिला आणि जोखीम विसरली गेली, हे या आडनावाच्या बाबतीत फार वाईट झालं.

पाटीलकीची ताकद किती होती, याचा एक दाखला मराठवाड्याबाहेरचा आहे. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाला मुठीत ठेवून होते. 1784 मध्ये 'वकील-ए-मुत्लक'सारखं सर्वोच्च पद त्यांनी पेशव्यांच्या नावाने मिळवलं. तरी स्वतःला ते पाटीलच म्हणवत, आणि लोकही त्यांना पाटीलबाबा म्हणत. मोठ्या पदव्या बादशहाच्या मर्जीवर होत्या. पाटीलकी वतनाची, ती कुणाच्या बापाला काढून घेता येत नसे.

पद एका गावात एकाचं, मग पाटील इतके कसे? वतन वडिलोपार्जित मिळकतीसारखं वाटलं जाई, त्याच्या तक्षिमा पडत, अर्धी पाटीलकी विकलीही जाई. कारभार थोरल्या घराकडे राहिला तरी धाकटी घरं 'आम्हीही पाटीलच' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चार-पाच पिढ्यांत अख्खी भावकी पाटील. त्यात आपल्याकडे समोरच्या शेतकऱ्याला आदराने "या पाटील, बसा" म्हणायची रीत. ज्याला सगळा गाव पाटील म्हणतो त्याचं पोर शाळेत गेलं की हजेरीपटावर तेच आडनाव चढणार. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख 1 जून असते, कारण गुरुजींनी शाळा उघडायच्या हिशोबाने ती लावली. ज्या हाताने 1 जून लिहिलं त्याच हाताने कित्येक घरांची आडनावंही कायम केली. बाप शेतात, पोराला आणून सोडणारा चुलता किंवा आजा, गुरुजींनी विचारलं आणि त्याने जे सांगितलं ते लागलं. मूळचे जाधव, शिंदे, पवार, मोरे असलेले कुणी पाटील झाले, कुणी दोन्ही ठेवून 'जाधव पाटील', 'शिंदे पाटील' झाले, आणि सख्ख्या चुलत भावांची आडनावं वेगळी झाली.

पाटील या नावावरून जात ओळखता येत नाही, हेही सांगून टाकलं पाहिजे. निलंगेकर मराठा, चाकूरकर लिंगायत. वंजारी पाटील आहेत, हटकर धनगर पाटील आहेत, जैन पाटील आहेत. मुसलमान घराण्यांत तोच शब्द 'पटेल' झाला. शेतकरी चळवळीतून पुढे आलेले पाशा पटेल औसा तालुक्यातल्या लोदग्याचे. गुजरातेतल्या पटेलांशी त्यांचा संबंध नाही. निजामाच्या राज्यात गावकामगाराला पटेलच म्हणत. तिथे दोन पटेल असत, एक पोलीस पटेल आणि दुसरा माली पटेल. माल म्हणजे सरकारी महसूल. लातूर-धाराशिवकडे (धाराशिव म्हणजे पूर्वीचं उस्मानाबाद) 'मालीपाटील' हे आडनाव ऐकून बाहेरचे लोक फुलमळा आठवतात, पण त्या घराचा पूर्वज सारा गोळा करत होता. त्याच कारणाने पश्चिम महाराष्ट्रात जिथे कुलकर्णी भेटतात तिथे नांदेडकडे पटवारीही भेटतात. काम तेच, फक्त दप्तराची भाषा वेगळी. पहिल्या सालारजंगाने 1865 च्या सुमारास जिल्हाबंदी केली, वसुलीचं काम पगारी तालुकदारांकडे दिलं आणि देशमुख-देशपांड्यांना घरबसल्या 'रुसूम' बांधून दिला. त्यांचं काम गेलं आणि आडनाव उरलं. पाटलांवर ती वेळ यायला आणखी शंभर वर्षं लागली.

असं जगात इतरत्रही झालं आहे. इंग्लंडमध्ये सरंजामदाराच्या वतीने गावचा शेतीकारभार पाहणाऱ्याला 'रीव्ह' म्हणत. आज रीव्ह, रीव्ह्ज ही आडनावं तिकडे सर्रास आढळतात आणि त्या लोकांना आपला पणजोबा कुणाची शेतं राखत होता याची कल्पना नसते. वॉशिंग्टन, मिल्टन, क्लिंटन ही तर सरळ गावांची नावं, म्हणजे त्यांच्याकडचे 'कर'च. तिथे चौदाव्या शतकापर्यंत बहुतेकांची आडनावं पक्की झाली होती. तुर्कस्तानात सरकारने 1934 मध्ये कायदा करून प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावलं. आपल्याकडे असा एक दिवस कधी आला नाही. शाळा, रेशनकार्ड, सातबारा, मतदारयादी अशी टप्प्याटप्प्याने आडनावं लागत गेली, म्हणून एकाच माणसाची दोन कागदांवर दोन आडनावं सापडतात.

आता त्या 'कर'कडे येतो, कारण मला या दोन जिल्ह्यांत सगळ्यांत विलक्षण वाटतं ते तेच. एरवी गावाचं नाव लावतो तो गाव सोडून गेलेला माणूस. कोकणातल्या गावात राहणाऱ्याला त्याच गावचा 'कर' म्हणून काय उपयोग, सगळेच तिथले. मुंबईला गेल्यावर ते नाव चिकटतं. नरहर कुरुंदकरांचं नाव वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं, आयुष्य गेलं नांदेडच्या पीपल्स कॉलेजात. धुंडामहाराज देगलूरकरांनी देगलूरचं नाव कीर्तनातून पंढरपूरपर्यंत नेलं, औसेकर महाराजांनी औसा नेला. डॉ. बाबासाहेबांचं आंबेडकर हे नाव कोकणातल्या आंबडव्याच्या आठवणीचं. त्यांच्या घराण्याच्या वाट्याला गावाकडून आलेला सगळा अपमान ध्यानात घेतला तर त्या गावाचं नाव जगभर आदराने घेतलं जाणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पाटील निलंगेकर, पाटील चाकूरकर हे मात्र गाव सोडल्याची खूण म्हणून गावाचं नाव लावत नाहीत. ते गावात असतानाही लावतात. त्या 'कर'मध्ये 'मी तिथला आहे' याहून 'ते गाव आमचं आहे' हा अर्थ जास्त आहे. आणि ही रीत इथे फार जुनी आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या 866 सालच्या शिलालेखांत त्याला 'लट्टलूरपुरवरेश्वर' म्हटलं आहे, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. हे लट्टलूर म्हणजेच आजचं लातूर, असं इतिहासकारांनी ठरवलं आहे. अमोघवर्षाची राजधानी होती मान्यखेट, आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड. दक्षिणेतला सगळ्यांत बलाढ्य राजा नव्या राजधानीत बसून मूळ गावाचं बिरुद मिरवत होता. पुढे सौंदत्तीच्या रट्ट राजांनीही लट्टलूरचंच बिरुद लावलं, तेही लातूरपासून कितीतरी दूर राज्य करत असताना. मुलूख हातून जातो, सत्ता दुसरीकडे सरकते, पण गावाचं नाव सोडायचं नाही, ही इथली हजार-अकराशे वर्षांची सवय आहे. चाकूरकर आणि निलंगेकर मला त्याच माळेतले वाटतात.

अर्थात या दोन जिल्ह्यांतली सगळीच माणसं पाटील-देशमुख नाहीत, आणि आडनावांचा खरा आनंद सीमेवर गेलं की मिळतो. नांदेडच्या पूर्वेला देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलंगणाची शीव लागते आणि आडनावांना 'वार' लागू लागतं. तेलुगूत घराण्याच्या नावापुढे आदराने येणाऱ्या 'वारु'चं ते मराठी रूप. हीच आडनावं वर यवतमाळ-चंद्रपूरपर्यंत पसरली आहेत, मुनगंटीवार, वडेट्टीवार ही त्यातलीच. नागनाथ कोत्तापल्ले मुखेडचे. मराठीतले मोठे समीक्षक आणि कथाकार, 2013 च्या चिपळूण संमेलनाचे अध्यक्ष. त्यांचं आडनाव तेलुगू, कोत्त पल्ले म्हणजे नवं गाव. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाच्या नावात तेलुगू गाव असणं, हे नांदेडला अजिबात नवल नाही. इकडे उदगीर-निलंग्याच्या बाजूला कानडी वारं येतं. नावांच्या शेवटी 'अप्पा' येतो, बिराजदार भेटतात, जंगमांच्या घरी स्वामी, मठपती, हिरेमठ.

आणि नांदेड शहरात तर आडनाव पुसून टाकण्याचा एक मोठा प्रयत्नच वस्तीला आला. गुरू गोविंदसिंघजींनी 1699 मध्ये आनंदपुरात खालसा पंथ स्थापन करताना पुरुषांना सिंघ आणि स्त्रियांना कौर ही नावं दिली, जातीची ओळख नावातूनच जावी म्हणून. 1708 मध्ये त्यांनी नांदेडलाच देह ठेवला. इथली मराठी वर्तमानपत्रं आजही 'सिंह' न लिहिता 'सिंघ' लिहितात, आणि ते बरोबर करतात, माणसं स्वतःला जे म्हणवतात तेच लिहावं. तरी तीन शतकं इथे राहिलेल्या हजुरी शीख घरांना पुजारी, ग्रंथी, गाडीवाले अशी कामावरून पडलेली नावं लागलीच. संन्यास घेऊन आडनाव सोडणाराही इथल्याच इतिहासात आहे. व्यंकटेश खेडगीकर हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले शिक्षक स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. नांदेडला 1994 मध्ये निघालेल्या विद्यापीठाला, दोन्ही जिल्ह्यांतल्या या सर्वोच्च विद्यापीठाला, आडनाव नसलेल्या माणसाचं नाव आहे. मला याचा अभिमान वाटतो.

1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1962 च्या कायद्याने महसुली पाटलांचं वंशपरंपरागत पद संपलं, 1 जानेवारी 1963 पासून ते काम तलाठ्याकडे गेलं. म्हणजे आज जे पाटील साठीच्या आतले आहेत त्यांच्या जन्माआधीच पाटीलकी बंद झाली होती. आडनाव मात्र त्यानंतरच जास्त फोफावलं. स्कॉर्पिओच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'पाटील', चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या पोराच्या नावापुढे 'पाटील', तेही कधी घरात कुणी पाटीलकी न केलेल्या पोराच्या. सहकारी कारखाने, बाजार समित्या, बँका, शिक्षणसंस्था, जिथे जिथे नवी सत्ता आली तिथे जुन्या वाड्यातली माणसं आधी पोचली, आणि त्या सत्तेचा रंग या नावाला चढला. कोरडवाहू तीन एकराच्या तुकड्यावर सोयाबीन काढणाऱ्या पोराला त्या रंगाचा मोह होणं मी समजू शकतो. पण व्यवहाराशी त्याची खरी गाठ पडते ती मोंढ्यात.

लातूरच्या मोंढ्यातल्या आडतीत हंगामात तासभर बसून पाहावं. सौदा निघतो, पोती काट्यावर जातात, मुनीम पट्टी लिहायला घेतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, भाव, खाली हमाली आणि तोलाई वजा, मग हाती पडणारी रक्कम. एकाच पानावर पाटलांची रांग लागते, आणि मुनीम आडनावाकडे बघतही नाही. त्याच्या दृष्टीने हे खरोळ्याचे, ते मुरूडचे, पलीकडचे रेणापूरचे. दोघं एकाच गावचे निघाले तर बापाचं नाव, तेही जुळलं तर "वाड्यातले का माळावरचे?" पट्टीवर भाव मात्र पाटील पाहून पडत नाही, ओलावा पाहून पडतो.

आडनावाने काही ठरत नाही, हे किल्लारीच्या भूकंपाने तर फारच कठोरपणे दाखवलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादची हजारो माणसं दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, हेच तिथे ऐपतीचं लक्षण होतं, आणि त्यानेच जीव घेतले. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या गावात घर किती मोठं मिळणार हे जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 450, त्याहून जास्त असेल तर 750. जुन्या गावात पाटील गढीजवळ आणि बाकीचे आपापल्या आळीत अशी रचना होती. नवी गावं सरळ रेषेत आखली गेली आणि हातातला आठ-अचा जमीन-उतारा हीच ओळख उरली. गावाची जागा बदलली, तरी गावाचं नाव लावणाऱ्या कुणी ते बदललं नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत या आडनावामागचे कागद पुन्हा हातात आले आहेत. आरक्षणाच्या मागणीवरून मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याचा शासन निर्णय निघाला. तहसीलांतून, शाळांतून, खासगी पेट्यांतून मोडी आणि उर्दू दप्तरं बाहेर येऊ लागली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. तेव्हा घराघरांत एक अडचण उभी राहिली: जुन्या नोंदीत अनेकदा आडनावच नसतं. नाव, बापाचं नाव, जात, गाव, बस. चार पिढ्यांपूर्वीचा तो माणूस आपलाच पणजोबा, हे सिद्ध करायला आज लावत असलेलं आडनाव कामाला येत नाही. वंशावळ जुळवावी लागते, खासरा पाहणीतली नोंद शोधावी लागते, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं लागतं. इतका अभिमान बाळगलेलं नाव दप्तरात सापडत नाही तेव्हा माणसं गोंधळून जातात. मला तर वाटतं हे दप्तर प्रत्येक घराने एकदा, आरक्षणाचा प्रश्न बाजूला ठेवूनही, वाचून घ्यावं.

महसुली पाटील गेला तरी पोलीस पाटील अजून आहे. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने ते पद वंशाकडून काढून नेमणुकीचं केलं. आता त्यासाठी उपविभागीय दंडाधिकारी जाहिरात काढतात, लेखी परीक्षा होते, तोंडी परीक्षा होते, आरक्षण लागू असतं, मानधन 2024 मध्ये 6,500 वरून 15,000 रुपये झालं. पूर्वी पाटलाच्या बायकोला पाटलीण म्हणत, तिचा मान नवऱ्यामुळे. आज कितीतरी गावांत पोलीस पाटील बाई आहे, स्वतः परीक्षा देऊन आलेली, आणि तिचं आडनाव कांबळे असू शकतं, राठोड असू शकतं, शेख असू शकतं. गावात भांडण झालं, अनोळखी मृतदेह सापडला, पुराचं पाणी चढू लागलं, की ठाण्याला पहिली खबर तिने द्यायची, पंचनाम्याला तिने उभं राहायचं. वाड्यातल्या पाटलांच्या पोरालाही पोलीस पाटलाचा दाखला हवा असेल तर तिच्याच सहीसाठी जावं लागतं.